ताईच्या गाडीचे बॉनेट उघडले त्याची बखर

“महाराज, गाडी विकणार की तिचं लोणचं घालणार?” हा सवाल तीर्थरूप बाबामहाराजांस भर जेवणात करावा, ऐशी पैज ईशानी व तन्मयी या सख्यांनी लाविली आणि आम्ही ती बेधडक घेतली, तेथून हे वर्तमान उद्भवले. ज्याच्या कृपेने चाके फिरतात आणि ज्याच्या इच्छेने गंजतात, त्यास नमन करून लिहिले ऐसे जे, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिकमासी, दिवाळीची सुट्टी. राज्य लहान. तीन खोल्या, एक गॅलरी आणि खाली पार्किंगात एक पांढरी गाडी. गाडी थोरल्या बाईसाहेब मृण्मयीताई यांची. त्यांनी पहिल्या नोकरीत जुनी घेतली, स्वहस्ते नीट केली, आणि मग दोन वर्षांमागे जर्मनीस स्वारी गेली ती गेलीच. महाराजांस गाडी चालविता येत नाही, राणीसाहेबांस तीत बसले की मळमळते, आणि आम्ही सोळा वर्षांच्या. तेव्हा गाडी कव्हर पांघरून उभी; आम्ही मात्र अधूनमधून शाळेतून येता तिच्यापाशी थांबून कव्हरावर हात फिरवीत असू. ताईंचा फोन आधी रोज येई, मग रविवारी, आता सणासुदीस. आणि यंदा पाडव्यास आला तो महाराजांनी गॅलरीत जाऊन एकट्यानेच घेतला. गुरुवारी आम्ही सवाल टाकिला. महाराज वरणभात कालविता थांबले आणि बोलिले, “विकणार. रविवारी दहाला गिऱ्हाईक येतंय. आतून जरा पुसून ठेव, तुला येतं ना.” पैज जिंकिली, परंतु भात पानातच राहिला.

शनिवारी प्रातःकाळी आम्ही मोहिमेवर उतरलो. आम्ही म्हणजे एकटी मी. ईशानी मामाच्या गावी गेलेली, आणि तन्मयीने “आलेच गं, पाच मिनिटांत” ऐसे वचन दिधले, ती पाच मिनिटे अद्याप सरली नाहीत. सगळी सोसायटी सुट्टीवर, जिन्यात कोणाच्या चपला नाहीत. मग कव्हर ओढिले, बॉनेट उघडून दांडीवर टेकविले, आणि आत पाहतो तो दोन वर्षांची धूळ, तेलाचे काळे थर आणि वाळकी बुचाची फुले. ताईंची शिकवण स्मरली की यंत्र थंड असावे, बॅटरीची आधी काळी वायर सोडावी मग लाल, पाण्याआधी ऑल्टरनेटर आणि फ्यूजची पेटी पिशव्यांत बांधावी. तेव्हा ताई म्हणत, “धाकटे, पाना दे. हा नव्हे गं, दहाचा!” आणि आम्ही स्टुलावर बसून पाने देत असू. आज स्टूल होते, पाने होते, मागणारे कोणी नव्हते. तरी दहाचा पाना आपला आपणच मागून घेतला आणि बॅटरीवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने व खायच्या सोड्याने घासिली, जुन्या टूथब्रशाने कोनेकोपरे कोरिले, फडके पिळून पिळून पुसिले. वरून राणीसाहेब गर्जल्या, “केसांना तेल लाव म्हटलं तर वेळ नाही, आणि यंत्राला साबण चोळतेय दोन तास!”

आणि मग बॅटरीमागे हात घातला तो पुरचुंडी लागली. उंदरांनी वायरी कुरतडू नयेत म्हणोन ताई दर अमावास्येस तेथे तंबाखू बांधीत, हे आम्हांस ठाऊक. दोन वर्षांत तिची माती व्हावी. आम्ही हुंगिली मात्र, सात शिंका आल्या! तंबाखू ताजी होती. लक्ष्मीपूजनाची अमावास्या होऊन चारच दिवस जाहले होते. आणि पुरचुंडीचे फडके पाहिले तो महाराजांच्या जुन्या चौकडीच्या रुमालाचे.

तैसेच काळ्या हातांनी, पुरचुंडी मुठीत झाकून वर गेलो, तो महाराज ताटावर बसलेले, आणि पुसिले, “बाबा, बॉनेट उघडायची कळ कुठे असते हो?”

“स्टिअरिंगखाली, उजवी—” महाराज बोलिले, आणि जीभ चाविली.

आम्ही मूठ उघडून पुरचुंडी दाखविली, तो राणीसाहेब कपाळास हात लावून म्हणाल्या, “म्हणजे दर अमावास्येला पाय मोकळे करायला जाता, ते हे होय!”

 महाराज हळू बोलिले, “उंदीर फार झालेत गं खाली. ती आली असती आणि गाडी सुरूच झाली नसती तर? पण पाडव्याला म्हणाली, बाबा, आता इकडेच कायमचं. मग ठेवून काय करू मी?”

दोन वर्षे आम्ही दोघे एकाच गाडीपाशी वेगवेगळ्या वेळी जात होतो आणि एकमेकांस ठाऊक नव्हते. तात्पर्य, यंत्र लखलखीत जाहले, वायरी एकूणएक शाबूत निघाल्या, नखांतले काळे अद्याप निघत नाही. मग पुरचुंडी ताटाशेजारी ठेवून आम्ही उभयतांस निर्णय जाहीर केला तो ऐसा, “गिऱ्हाईकाला आत्ता फोन करा, येऊ नका म्हणावं. ताई येवो न येवो, अठरा पुरी झाली की गाडी मी चालवणार. आणि बाबा, येत्या अमावास्येला एकटे खाली जायचं नाही. मला हाक मारायची.”