अळीचा रहिवासी दाखला

वडोळीच्या प्लासिड तुस्कानो यांच्या वीस गुंठ्यांच्या वाडीत वांगी होती आणि वांग्यांत अळी होती. पहिल्या गोष्टीची नोंद सातबाऱ्यावर होती, दुसरीची कुठेच नव्हती. एवढी एक प्रशासकीय त्रुटी सोडली, तर २००६ सालच्या जानेवारीपर्यंत वाडीचं बरं चाललं होतं.

जानेवारीत विहिरीच्या रहाटावर कुणीतरी नोटीस चिकटवून गेलं. तालुक्याचा विकास करण्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणानं साठ फुटी रस्ता आखला होता. तो विरारकडून सरळ येत होता, तुस्कानोंच्या विहिरीत शिरत होता आणि केळींमधून बाहेर पडून पुढे कुठेच जात नव्हता. हरकत घ्यायला तीस दिवसांची मुदत होती. नोटिशीवरची तारीख पस्तीस दिवसांपूर्वीची होती.

गाव चिडलं. वडोळी हे चिडण्याबद्दल तालुक्यात नावाजलेलं गाव. शेजारचा फर्डिनंड हा तिथल्या मोर्च्यांचा कायमचा पुढारी. त्याचा आवाज एवढा दांडगा होता की चर्चच्या गायकवृंदानं त्याला दोनदा सन्मानानं निवृत्त केलं होतं.

"प्लासिड, आपण बुलडोझरपुढे आडवे पडू," फर्डिनंड म्हणाला.

"तू पड. मी एकदा आडवा झालो की मला उठवायला दोघं लागतात."

"मग तर बरंच आहे. त्यांना जड जाईल."

अशा वेळी वाडीत दिनानाथ मिराशी आले. जैव-पीक सुधार मंडळाचे क्षेत्र अधिकारी. राहायला विरारच्या मनवेलपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. शेतीशी संबंध गॅलरीतल्या तुळशीपुरता, आणि तीही बायको पाणी घालायची म्हणून.

"काका, मातीत एक जिवाणू असतो," ते ओट्यावर बसत म्हणाले. "त्याचा एक जनुक काढून शास्त्रज्ञांनी वांग्यात बसवलाय. अळीनं वांगं खाल्लं की अळी खलास. फवारणी नको, काही नको."

"आणि माणसानं खाल्लं की?" प्लासिड यांच्या पत्नी थेरेसाबाय यांनी आतून विचारलं.

"माणसाला काही होत नाही."

"तुम्ही खाल्लंय?"

"मी वांगं खात नाही. वातूळ असतं."

तुस्कानोंच्या वाडीत या वांग्याचा प्रयोग व्हावा असा प्रस्ताव होता. प्लासिडना त्यात रस नव्हता. पण प्रयोगाखालची जमीन 'संरक्षित प्रात्यक्षिक क्षेत्र' ठरते आणि प्रयोग चालू असेपर्यंत तिथे रस्ता सोडाच, पायवाटही काढता येत नाही, हे ऐकल्यावर त्यांना विज्ञानाबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली. अर्जावर जिथे जिथे फुली होती तिथे तिथे त्यांनी सही केली. फक्त एका रकान्यापाशी ते थबकले.

"'क्षेत्रातील मानवी वस्ती', आणि पुढे तुम्ही 'निरंक' लिहिलंय. मग आम्ही कोण?"

"प्रयोगाच्या जागी वस्ती चालत नाही, काका. म्हणून घराच्या जागी 'राखणदाराची खोपी' टाकलंय. कागदापुरतं."

घर प्लासिडच्या आजोबांनी बांधलेलं होतं. त्यांनी भिंतींकडे एकदा पाहिलं, रहाटावरच्या नोटिशीकडे एकदा पाहिलं आणि कागदापुरती सही केली.

लागवडीच्या दिवशी मंडळाच्या शास्त्रज्ञ डॉ. ज्ञानदा आल्या. आपण काय बोलतो आहोत हे कळणारी या प्रकरणातली ती एकमेव व्यक्ती, त्यामुळे त्यांची पुढे बदली झाली. वीसपैकी सोळा गुंठ्यांत नवं वांगं आणि कडेच्या चार गुंठ्यांत साधं वांगं लावायचं, असं त्यांनी सांगितलं.

"साधं कशाला? त्याला अळी लागेल की."

"लागायलाच हवी. सगळीकडे नवंच वांगं लावलं तर लाखातली एखादी अळी त्यातलं विष पचवून जगते. मोठी झाली की आपल्यासारख्याच दुसरीशी तिचं जमतं आणि पुढची पिढी सगळीच विषाला पुरून उरते. म्हणून शेजारी अळ्यांसाठी राखीव पट्टा ठेवायचा. तिथल्या अळ्या आरामात वाढतात. विष कधी चाखलेलंच नसतं, त्यामुळे प्रतिकार म्हणून काही त्यांच्या अंगात नसतं. अशा अळ्या भरपूर असल्या की त्या एखाद्या चिवट अळीची सोयरीक यांच्यातच होते, आणि पोरं पुन्हा मवाळ निपजतात."

"म्हणजे मारायचं नाही, सुखात ठेवायचं."

"हो. प्रतिकार मोडायचा याहून स्वस्त उपाय नाही."

चार गुंठ्यांपुढे पत्र्याची पाटी लागली: 'आश्रय-पट्टा. येथील जीवांना त्रास देऊ नये. हुकुमावरून.'

दीड महिन्यानं मिराशी अळ्या मोजायला आले. नव्या वांग्यावर अळी नव्हती, हे ठीकच होतं. पण आश्रय-पट्ट्यातही एकही अळी नव्हती. नियमानं दहा झाडांमागे किमान वीस हव्या होत्या.

"काका, अळ्या कुठे गेल्या?"

प्लासिडनी थेरेसाबायकडे पाहिलं. चाळीस वर्षं चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून आल्यावर साडीचा पदर खोचून त्या वांग्यांतून एक फेरी मारत. मरगळलेला शेंडा दिसला की खुडायचा, आतली अळी चपलेखाली घ्यायची, मग चहा. पाटी लागल्यानंतरही ही फेरी चालूच होती.

"पाटी वाचली नाहीत?" मिराशींनी विचारलं.

यावर थेरेसाबाय जे बोलल्या ते गावच्या बोलीत बोलल्या. ते प्रमाण मराठीत एवढंच होतं की, अळीला त्रास देऊ नये असं लिहून लावणाऱ्याच्या डोक्यात एखादी गेली आहे का ते आधी पाहावं. मूळ बोलीत ते याहून लांब होतं आणि त्यात मिराशींच्या दोन पिढ्या आल्या होत्या.

आठवड्यात मंडळाची नोटीस आली: 'आश्रय-पट्ट्यातील अळ्यांच्या अनुपस्थितीबाबत पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास प्रयोग रद्द करण्यात येईल.' प्रयोग रद्द म्हणजे संरक्षण रद्द, आणि संरक्षण रद्द म्हणजे विहिरीत रस्ता. प्लासिड तसेच उठून फर्डिनंडकडे गेले.

"तुझ्या वांग्यांत अळ्या आहेत ना?"

"कोण म्हणतो?" फर्डिनंड भडकला. बाजारात माल नेणाऱ्याला असं विचारणं म्हणजे मुलगी दाखवायला बसलेल्या बापाला तिच्या खोकल्याबद्दल विचारणं. खरी गरज कळल्यावर मात्र तो विरघळला. "अरे मग आधी सांगायचंस. टोपलीभर ने. माझ्या वाडीत काय कमी आहे?"

टोपलीभर अळ्या आल्या. थेरेसाबायनी त्या स्वतःच्या हातानं झाडांवर सोडल्या आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण मिराशींनी मोजणी अडवली. नियमात 'स्थानिक अळी' असा शब्द होता. या अळ्या स्थानिक कशावरून?

"शेजारच्या वाडीतल्या आहेत, साहेब. मध्ये फक्त शेवग्याचं झाड आहे."

"तुम्ही सांगता, काका, मी ऐकतो. फाईल ऐकत नाही."

सरपंच एरॉल हा भला माणूस. वडोळीत कुणालाही कसलाही दाखला लागला तर तो नाही म्हणत नसे, कारण नाही म्हणायला वाचावं लागतं. त्यानं छापील नमुना काढला आणि भरला: 'दाखला देण्यात येतो की, वांग्यातील अळ्या, संख्या अंदाजे चारशे, या मौजे वडोळीच्या कायमच्या रहिवासी असून त्यांना मी व्यक्तिशः ओळखतो. त्यांची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे.' खाली गोल शिक्का.

फाईलनं हे ऐकलं. प्रयोग वाचला, वाडी वाचली, आणि फर्डिनंडनं वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या अळ्यांनी सरकार हटवलं, असं सांगायला सुरुवात केली.

मात्र अळ्या आता अधिकृत रहिवासी झाल्या होत्या आणि रहिवाशांना सोयी द्याव्या लागतात. कोंबड्या पट्ट्यात शिरतात असं दिसून आल्यावर कोंबड्यांना कायमचं डांबण्याचा आदेश निघाला. मग चुलीच्या धुरानं अळ्यांचे पतंग विचलित होतात असं आढळलं, आणि थेरेसाबाय गॅसवर आल्या. ओट्यावरच्या दिव्याकडे पतंग ओढले जातात म्हणून दिवेलागणीनंतर ओटा काळोखात ठेवण्याचं ठरलं. दिवा नसल्यामुळे प्लासिड एकदा पायरीवरून घसरले आणि पट्ट्यात जाऊन पडले. त्याबद्दल 'रहिवाशांच्या सुरक्षिततेस बाधा' अशी नोंद झाली. रहिवाशांपैकी सात जागीच दगावले होते. प्लासिडच्या घोट्याची नोंद घेता आली नाही, कारण क्षेत्रात मानवी वस्ती निरंक होती.

हे सगळं त्यांनी सोसलं. विहीर जागेवर होती. दोन वर्षं साठ फुटी रस्ता गावाबाहेर तोंड वासून उभा राहिला.

मग प्रयोग यशस्वी झाला. नव्या वांग्यात दोन वर्षांत एकही अळी सापडली नाही. मिराशी पेढे घेऊन आले.

"अभिनंदन, काका. प्रयोग पूर्ण झाला!"

"पूर्ण म्हणजे?" प्लासिडनी पेढा हातातच ठेवला.

"म्हणजे संपला."

प्रयोगाचं पीक नियमानुसार जाळायचं होतं. सोळा गुंठे वांगी थेरेसाबायच्या डोळ्यांदेखत जाळली गेली. जळल्यावर ती जमीन 'मोकळी' झाली, आणि मोकळ्या जमिनीवर तिसऱ्या दिवशी प्राधिकरणाचे लोक फीत आणि बुलडोझर घेऊन हजर झाले. गाव धावत आलं. फर्डिनंड बुलडोझरपुढे आडवा पडला. प्राधिकरणाच्या अधिकाऱ्यानं शांतपणे दोन्ही फायली मागवल्या आणि निवाडा केला. आश्रय-पट्ट्यात दाखलाधारक रहिवासी असल्यानं तो हलवता येणार नाही. रस्ता त्याला वळसा घालून जाईल. उरलेल्या क्षेत्रात एक खोपी आहे. राखणदाराला दुसरीकडे काम पाहता येईल.

"साहेब, माझ्या आजोबांचं घर आहे ते!"

"सही तुमचीच ना?"

सही त्यांचीच होती, फुलीच्या अगदी वर.

वळसा घेताना रस्ता फर्डिनंडच्या वाडीतूनही गेला. तेव्हा रस्त्याच्या कडेनं इमारती बांधायला आलेल्या बिल्डरनं फर्डिनंडला बाजूला घेऊन चहा पाजला. आडवा पडलेला फर्डिनंड उठून बसला तो त्या चहासाठी, आणि पुन्हा आडवा पडला तो थेट स्वतःच्या फ्लॅटमधल्या पलंगावर. त्याला दोन फ्लॅट मिळाले. एरॉलला एक मिळाला. प्लासिडना राखणदार म्हणून काहीच मिळायचं नव्हतं, पण बिल्डर मोठ्या मनाचा होता. त्यानं त्यांना मागच्या बाजूचा एक दिला. खिडकीतून चार गुंठे दिसत.

रस्त्याच्या उरलेल्या दोन्ही अंगांना इमारती झाल्या. शहाण्णव बिऱ्हाडं आली. चांगली माणसं होती. नळाला पाणी होतं, लिफ्ट चालत होती. दिनानाथ मिराशीही मनवेलपाडा सोडून तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. इथे हवा शुद्ध आहे, असं ते म्हणत.

थोड्याच दिवसांत सरकारनं अशा वांग्यांना स्थगिती दिली. स्थगित प्रकल्पाचा आश्रय-पट्टा हटवायचा कुणी, हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो राहिला. प्लासिड तिथे साधी वांगी लावत. थेरेसाबाय पुन्हा मिस्साहून येऊन पदर खोचू लागल्या. वीस गुंठ्यांतले चार का होईना, वाडी होती.

दोन हजार दहाच्या डिसेंबरात सोसायटीच्या फलकावर कागद लागला: चार गुंठ्यांत गाड्यांसाठी वाहनतळ होणार. अळ्यांच्या दाखल्याची मुदत संपली होती. निम्म्या बिऱ्हाडांनी सह्या करून हरकत घेतली तर बेत रद्द होईल. अठ्ठेचाळीस सह्या हव्या होत्या. या खेपेला मुदतीचे पंधरा दिवस खरोखरच बाकी होते.

प्लासिड आणि थेरेसाबाय कागद घेऊन पहिल्यांदा फर्डिनंडकडे गेले. तो सोफ्यावर होता.

"कर रे सही."

"प्लासिड, करायला हरकत नाही. पण मला एक गाडी ठेवायची जागा मिळतेय त्यात."

"तुझ्याकडे गाडी कुठंय?"

"जागा मिळाली की येईल."

"मोर्च्यात तू सगळ्यांच्या पुढे असायचास!"

"तेव्हा बसायला सोफा नव्हता," फर्डिनंड म्हणाला. त्याचा आवाज एवढा खाली आला होता की गायकवृंदानं त्याला परत घेतलं असतं.

मिराशी म्हणाले, "काका, मी सरकारी माणूस." चौथ्या मजल्यावरच्यांनी सांगितलं की आम्ही भाडेकरू. पाचव्यावरचे मालक होते, पण घर सासूच्या नावावर होतं. एकानं कागद आत नेला, तासाभरानं परत दिला आणि मराठी छान लिहिलंय म्हणून कौतुक केलं.

पंधराव्या दिवशी कागदावर दोन सह्या होत्या. एक प्लासिडची, एक थेरेसाबायची. त्याही एकाच बिऱ्हाडाच्या, म्हणून एक धरली गेली.

संध्याकाळी प्लासिड खिडकीत उभे होते. खाली कामगारांनी पट्ट्यासमोरची पत्र्याची पाटी उपटली होती. चांगला पत्रा कशाला टाकायचा म्हणून रखवालदारानं ती सोसायटीच्या फाटकाला बांधली. 'आश्रय-पट्टा. येथील जीवांना त्रास देऊ नये.'

"त्या डॉक्टरीणबाई स्वस्त उपायाबद्दल काय म्हणाल्या होत्या, आठवतं?" प्लासिड म्हणाले.

थेरेसाबायना आठवत होतं. त्यांनी कागद उचलला, चपला घातल्या. मुदत संपायला अजून दोन तास होते आणि एक मजला राहिला होता.

तो तुमचा. बेल वाजली तेव्हा तुम्ही दाराच्या भिंगातून पाहिलंत. बाहेर एक म्हातारी होती, हातात कागद होता. मग तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक केलात आणि ती जाईपर्यंत जागचे हलला नाहीत.