ग्रीष्मोत्सवात शोधशाळेची विहीर भरिली, त्याचा वृत्तांत

श्रीजगदंबेचे स्मरण करून, आणि ज्यांनी आम्हांस अक्षर दाविले त्यांस वंदन करून, जे डोळ्यांनी पाहिले तेच लिहितो. ज्या साली आमचे धाकटे बंधू राणोजी यांचे कन्येचे लग्न जाहले, आणि व्याही आमरस पातळ म्हणून पंक्तीतून उठले, आणि मग आंब्यांची दुसरी पाटी पिळून त्यांस पुन्हा बसविले, त्या साली वैशाखमासी हे वर्तमान घडले.

ते काळी राज्यात भूजलाची एक शोधशाळा होती. शास्त्री थोर, ग्रंथ पुष्कळ, आणि अंगणात एक विहीर, बत्तीस हात खोल. तिचे पाणी काठापासून किती हात खाली, हे रोज सूर्योदयी दोरी सोडून मोजावे आणि वहीत लिहावे, ऐसी रीत. आणि ते काम सुभानजी घोणे यांजकडे. चाळीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. स्वतःचे लग्नाचे सकाळी मुंडावळ्या बांधून आले, दोरी सोडली, आकडा लिहिला, आणि मग बोहल्यावर चढले. आम्ही दोरीचे दुसरे टोक धरीत असू. पन्नाशी उलटल्यावर अक्षरेही त्यांजकडूनच शिकलो. पहिल्या वैशाखात पाणी अकरा हातांवर होते, ते या साली एकतीसवर गेले. सुभानजी तीन वर्षे शास्त्र्यांस सांगत, की हे महाराजांचे कानी घाला; आणि शास्त्री म्हणत, लेख चालला आहे.

ऐसे असता दरबारात मसलत निघाली, की शोधशाळेमागील डोंगराचे पायथ्याशी साठ बोअर पाडावे, आणि जलविहार उभारावा, आणि त्यात प्रजेसाठी घसरगुंड्या कराव्या. हुकुमावर मोहर ग्रीष्मोत्सवाचे अखेरचे दिवशी व्हावी, ऐसे ठरले. साठ बोअर पडले तर विहीर संपली, आणि पायथ्याची सात गावेही संपली, हे सुभानजी जाणत. त्यांचे जेवण कमी जाहले.

हा ग्रीष्मोत्सव म्हणजे तीन दिवस कवी, गवई, चित्रकार यांचा मेळा, आणि तो शोधशाळेच्या अंगणात भरे. शोधशाळा आजवर सतरंज्या आणि झाडांची सावली देई, आणि शास्त्री मागल्या रांगेत डुलक्या घेत. या साली आज्ञा आली, की शोधशाळेनेही मंचावर काही सादर करावे. मग मुख्य शास्त्री दिनकरपंत यांनी सभा भरविली, आणि एक शास्त्री म्हणाले खडकांवर ओव्या रचितो, आणि दुसऱ्यांनी तबल्याची इच्छा दर्शविली, आणि दोघांसही आवरिता आवरिता दोन प्रहर गेले. अखेर ठरले, की सुभानजींनी चाळीस वैशाखांचे आकडे वहीतून वाचावे. महाराज समोरच बसणार, हे ऐकून सुभानजींनी शिंप्याकडे नवा अंगरखा टाकिला.

आदले दिवशी तिसरे प्रहरी ते अंगरखा आणावयास गेले, आणि इकडे उत्सवकारभारी माणकोजीराव पाहणीस आले. त्यांनी विहिरीत डोकावले, आणि तळाशी पाणी तेवढे वाटीभर दिसले, आणि त्यांस फार लाज वाटली, की कवींनी काठावर बसून हे पाहावे काय. माणूस वाईट नव्हे. शोधशाळेची अब्रू राखावी म्हणून त्यांनी वीस टँकर मागविले आणि दिवेलागणीपूर्वी विहिरीत रिते केले, आणि वर कमळे सोडिली.

प्रातःकाळी सुभानजींनी दोरी सोडली, ती साडेचार हातांवरच ओली जाहली. ते काठावर बसले. माणकोजीराव शाबासकीच्या आशेने जवळ आले आणि म्हणाले, "सुभानजी, चाळीस वर्षे डोकावता. आज एकदाचे तोंड तरी दिसले."

"तोंड दिसले, राव. विहीर दिसेना."

दिनकरपंत हळूच म्हणाले, की कालचा आकडा वाचून मोकळे व्हा. सुभानजी म्हणाले, दोरीने सांगितले नाही ते मी कधी लिहिले नाही. आणि मग ते नवा अंगरखा घालून मंचावर चढले आणि वाचू लागले, अकरा, बारा, साडेबारा, ऐसे उतरत उतरत गेल्या सालच्या अठ्ठावीसपर्यंत. आणि सभा गंभीर जाहली. आणि मग त्यांनी वाचले, आज साडेचार. सभेने टाळ्या पिटल्या. महाराज प्रसन्न होऊन म्हणाले, "पाणी आले की. मग जलविहारास अडचण कसली?"

"महाराज, आले नाही, आणिले आहे. काल वीस टँकर ओतले. आपण तीन दिवस येथेच आहात. दर कवितेनंतर एकदा दोरी सोडू द्यावी. पाणी राहिले तर खुशाल मोहर करावी."

महाराजांस गंमत वाटली आणि त्यांनी रुकार दिला. आम्ही सुभानजींस कानाशी पुसले, की राहिले तर काय. म्हणाले, "राहिले तर चाळीस वर्षे मी नुसती दोरी भिजविली."

मग कविता होई, आणि दोरी सुटे, आणि आकडा पुकारिला जाई. पहिले दिवशी सहा, मग आठ, मग अकरा. दुसरे दिवशी एक कविराज बाटलीतले पाणी पीत पीत तहानेवर अठ्ठेचाळीस कडवी म्हणत होते, तो श्रोते उठून काठाशी गेले, आणि कविराज रुसले, आणि त्यांस सरबत देऊन समजाविले. संध्याकाळी एकवीस. तिसरे दिवशी कमळे खाली काळोखात दिसेनाशी जाहली. समारोपास महाराज स्वतः काठाशी आले आणि त्यांनी आपले हाते दोरी सोडली, आणि ती सुटतच राहिली. एकतीस भरले. महाराजांनी मोहर परत डबीत ठेविली आणि म्हणाले, "घसरगुंड्या राहू द्या."

माणकोजीरावांनी सुभानजींची क्षमा मागितली. ते म्हणाले, राव, तुमचे टँकर नसते तर माझे आकडे कोणी ऐकले असते. परंतु वहीत त्या तीन दिवसांपुढे त्यांनी "पाणी बाहेरचे" इतकेच लिहिले आणि आकड्याची जागा कोरी सोडिली. चाळीस वर्षांची ओळ तेथे तुटली, आणि ते पान ते पुढे कोणास दाखवीत नसत.

सारांश, त्या उत्सवात कवी बत्तीस आले, गवई नऊ, आणि बोअर एकही पडले नाही. हल्ली दोरी सुभानजींच्या सूनबाई सोडितात. सुभानजी घोणे त्याच साली आश्विन वद्य तृतीयेस, बुधवारी, दोन प्रहरी, वयाचे त्रेसष्टावे वर्षी वारले.