शंभर युनिटांपायी दुसरी चूल

हरिचंद गवंड्यानं निम्मीच मजुरी घेतली.

मैद्याची खळ पातळ झाली तर कागद सुटतो, घट्ट झाली तर जन्मात सुटत नाही.

"मी दिवाळीला कोणत्या दारातून येऊ?" पद्माबाई, फोनवर.

संतरामरावांची एकच अट होती आणि तिच्यात हुंडा नव्हता.

एकशे ब्याऐंशी.

हे सगळं एकाच घरात, एकाच पंधरवड्यात घडलं. घर कुरुंद्यातलं. मोठे संपतराव, धाकटा परमेश्वर, मोठ्याची बायको सिंधूबाई, धाकट्याची मोहिनी, आणि संपतरावांची लेक वैष्णवी. माणसं पाच, चूल एक, मीटर एक. पडवीत एक छोटी चक्की. तिच्यावर दोघी जावा मिळून गावाची हळद-मिरची दळून द्यायच्या.

संपतरावांचं गावात नाव होतं ते कागद वाचणारा माणूस म्हणून. पीकविम्याचा अर्ज असो की औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं, लोक त्यांच्याकडं घेऊन यायचे. संपतराव चष्मा पुसायचे, घसा साफ करायचे आणि असं वाचायचे की जणू ते औषध त्यांनीच काढलंय. त्यामुळं बिलासोबत विजेच्या नव्या दरांचा छापील कागद आला तेव्हा त्यांनी जेवण बाजूला सारलं.

"हे आख्ख्या कुरुंद्यात फकस्त मला कळणार हाय," ते म्हणाले.

पहिले दोन दिवस त्यांना ते चुकीचं कळलं. कागदावर तक्ते दोन होते, एक घरगुती आणि एक दुकानदारीचा. संपतरावांनी दुकानाचा तक्ता घराला लावला आणि दराचा आकडा बघून सगळे पंखे बंद केले. दोन दिवस घर उकडलेल्या हळदीसारखं वाफाळत होतं. तिसऱ्या दिवशी वैष्णवीनं तक्त्याच्या डोक्यावरची ओळ दाखवली.

"पप्पा, हे किराणा दुकानाचं हाय. आपल्या घरात किराणा दुकान न्हाई."

"म्हाइत हाय मला. तुमी बघता का न्हाई, ते बघून राहिलो होतो."

मग त्यांनी खळ केली, कागद ओसरीच्या भिंतीवर चिकटवला आणि त्याच्याखाली सगळ्यांना बसवलं.

"पहिल्या शंभर युनिटाला भाव कमी. शंभराच्या वर गेलं की वरच्याला दुपटीहून जास्त. आपले किती? एकशे ब्याऐंशी. म्हंजे वरचे ब्याऐंशी आपल्याला खाऊन राहिले."

"मंग कमी जाळू," सिंधूबाई म्हणाल्या.

"कमी न्हाई जाळायची. वाटून जाळायची. परमेश्वराच्या नावानं दुसरं मीटर घ्यायचं. एक्क्याण्णव ह्याच्यावर, एक्क्याण्णव त्याच्यावर. दोन्ही शंभराच्या आत."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. संपतरावांना वाटलं, थक्क झाले.

"दादा म्हणतो तर बराबरच आसंल," परमेश्वर म्हणाला. दादानं घर उलटं टांगायला सांगितलं असतं तरी तो आधी दोर शोधायला गेला असता.

"एकच सांगतो," संपतरावांनी बोट वर केलं. "बाहेर कुठं बोलायचं न्हाई. उद्या आख्खं गाव दोन-दोन मीटरं मागंल, अन् मंग साहेब लोक नियमच बदलतील."

सगळ्यांनी शपथ घेतली, आणि घोळ सुरू झाला तो या शपथेपासून. वसमतच्या वीज कार्यालयातून त्यांनी अर्ज आणला.

रकाना सहा. प्रवेशद्वार स्वतंत्र आहे काय?

नव्हतं. म्हणून हरिचंदला बोलावलं आणि हळदीच्या खोलीची मागची भिंत दाखवली.

"चांगली भिंत हाय मालक. काहून पाडून राहिले?"

"परमेश्वराला येगळं दार पाहिजे."

"येगळं?"

"येगळं."

"भांडन झालं का?"

"न्हाई. तू पाड."

भांडण झालेला माणूस असंच म्हणतो. हरिचंदनं दोन दिवस जड हातानं काम केलं. मजुरी द्यायला गेले तर निम्मे पैसे परत केले. "फुटत्या घराची पुरी मजुरी आमच्या बापानं कधी घेतली न्हाई," असं म्हणून डोळे पुसत तो जो निघाला तो थेट हॉटेलात जाऊन बसला.

रकाना सात. स्वयंपाकघर स्वतंत्र आहे काय?

मोहिनीनं हळदीच्या खोलीत शेगडी मांडली. त्या खोलीत वीस वर्षं हळद साठवलेली. चहा पिवळा, भाकर पिवळी, परमेश्वराचा सदरा असा की जणू नवरदेवाचा. सकाळी एका घरातून दोन कुकरच्या शिट्ट्या दोन दिशांनी आल्या आणि समोरच्या शालूबाईंनी हातातली भांडी खाली ठेवली.

संध्याकाळी चार जाणती माणसं ओसरीवर येऊन बसली. कुणी चहा घेईना. सुतकाच्या घरी बसावं तशी बसली.

"संपतराव, धाकटा हाय. चुकला आसंल," त्यातला एक म्हणाला.

"तो काहीच चुकला न्हाई."

"मंग तुमचं काही चुकलं का?"

"माझंबी न्हाई."

"म्हंजे बायकांत झालं," चौघंही मान हलवून उठले.

खरं सांगावं तर शपथ मोडते. संपतराव दाढी खाजवत बसले. आत दोघी जावा हसून हसून पिठावर डोकं टेकत होत्या, ते बाहेर हुंदक्यांसारखं ऐकू आलं.

बातमी हळदीच्या टेम्पोत बसून वसमतच्या मार्केटात उतरली आणि तिथून हट्टा गावाला गेली. आणि हट्ट्यात संतरामराव होते.

संतरामरावांचा मुलगा विश्वंभर वैष्णवीला बघून गेला होता. पसंती दोन्हीकडून होती. वैष्णवीची तर इतकी, की ती हल्ली फोन चार्जिंगला लावायचा बहाणा करून गच्चीवर जाई आणि गच्चीवर बोर्डच नव्हता. लग्नानंतर तिनं बीएड पुरं करावं, हेही त्या घरानं आपणहून म्हटलं होतं. अट एकच. "आमच्या घरात चौदा माणसं. पोरगी एकत्र घरातली पाहिजे." हे स्थळ आणलं होतं हट्ट्यातच दिलेल्या पद्माबाईंनी, म्हणजे संपतरावांच्या बहिणीनं. आणि त्यांनीच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की माझे दोघं भाऊ एका ताटात जेवतात.

फोन आला तो पद्माबाईंचाच.

"दादा, म्हायेराच्या दोन चुली झाल्या अन् मला दुसऱ्यांकडून कळतंय? मी दिवाळीला कोणत्या दारातून येऊ? संतरामराव म्हणून राहिले, बेस्तरवारी घर बघतो, तसलं काही आसलं तर रामराम."

"बेस्तरवारी?"

"काहून? तुला काम हाय?"

काम होतं. गुरुवारी अकराला वीज कार्यालयाच्या शीतल मॅडम घर तपासायला येणार होत्या.

वैष्णवीनं सगळं ऐकलं होतं. ती भांडली नाही, रडली नाही. "पप्पा, काय करायचं ते करा," एवढंच म्हणाली आणि गच्चीवर गेली. या वेळी फोन खालीच राहिला. संपतरावांना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पण कागद वाचणाऱ्या माणसाला तक्ता आखल्याशिवाय राहवत नाही.

अकरा ते बारा: फुटलेलं घर.
एक ते तीन: एकत्र घर.
मध्ये एक तास: शेगडी उचलणे, नव्या दाराला पोती लावणे, परमेश्वराचा सदरा बदलणे.

मॅडमची स्कुटी पावणेबाराला आली. हट्ट्याची जीप बाराला दहा कमी असताना. पाहुणे लवकर निघाले होते, कारण पद्माबाईंना धीर धरवला नाही.

मॅडम हळदीच्या खोलीत फॉर्म धरून उभ्या होत्या.

"तुम्ही दोघं भाऊ पूर्ण वेगळे राहता?"

परमेश्वरानं रात्रभर पाठ केलं होतं. पण दादासाठी जे करायचं ते पोटभर करायचं, ही त्याची सवय.

"मॅडम, ह्या मानसाचा अन् माझा काही संबंध न्हाई," तो गरजला. "मी ह्याचं तोंड बघत न्हाई. ह्याच्या घरचं पाणीबी पीत न्हाई."

नव्या दारात संतरामराव उभे होते. त्यांच्या मागं पद्माबाई. पद्माबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मटकन पोत्यावर बसल्या.

"पाव्हणं," संपतराव घाईनं पुढं झाले. "तसं काही न्हाई. आमी एकत्रच हाओत."

मॅडमनी पेन थांबवलं. "एकत्र आहात?"

"न्हाई, येगळेच हाओत."

"येगळे?" संतरामराव म्हणाले.

"तुमच्यासाठी एकत्र. मॅडमसाठी येगळे."

हे बोलून झाल्यावर संपतरावांनाच कळेना की आपण काय बोललो. तेवढ्यात सवयीनं मोहिनीनं हाक मारली, "अक्का, मीठ संपलं वो." आणि सवयीनंच सिंधूबाई मिठाची बरणी घेऊन आतल्या दारातून आल्या. मॅडमनी बरणीकडं पाहिलं. संतरामरावांनीही पाहिलं.

आतल्या दारात, आईच्या मागं, वैष्णवी होती. ती बापाकडं बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. बिलावरचा आकडा बघावा तसं ती त्यांच्याकडं बघत होती: जे निघेल ते निघेल.

संपतरावांनी चष्मा काढला.

"लिवा मॅडम. आमी येगळे न्हाई. चूल एकच हाय. शंभर युनिटांपायी ही भिंत पाडली, शेगडी मांडली, भावाला खोटं बोलायला लावलं. बापजन्मात ह्यानं माझ्याम्होरं आवाज चढवला न्हाई, आज पयल्यांदा चढवला, तोबी मीच शिकवलेला. अर्ज रद्द करा."

परमेश्वर पिवळ्या बाहीनं डोळे पुसत म्हणाला, "दादा, चांगलं पाठ केलं होतं मी."

"लईच चांगलं केलतं."

मॅडमनी अर्जावर शेरा मारला. मग त्यांनी पडवीतल्या चक्कीकडं बोट केलं. "ही कधी चालवता?"

"संध्याकाळी," सिंधूबाई म्हणाल्या. "कामं उरकल्यावर."

"दिवसा चालवा. तुमचं मीटर नवं आहे, दिवसाच्या ठरावीक तासांत युनिटमागं सूट मिळते. आणि धंदा वाढवायचा असेल तर चक्कीसाठी धंद्याचं वेगळं मीटर रीतसर मागा. त्याचा भाव घरापेक्षा जास्त, पण घराचे युनिट खाली येतात. दोन्ही बाजूंनी आकडे मांडून बघा. हे सगळं त्या कागदावर दिलंय की."

"कोणत्या कागदावर?"

"नव्या दरांच्या. मागच्या बाजूला."

सगळ्यांनी ओसरीच्या भिंतीकडं पाहिलं. कागद घट्ट बसला होता. संपतरावांची खळ कधीच पातळ होत नसे.

वैष्णवीनं ओल्या फडक्यानं तो इंच इंच सोडवला. निम्मी अक्षरं भिंतीवर उलटी राहिली. कागदावरची आणि भिंतीवरची जुळवत तिनं सूट वाचली, वेळ वाचली, मग चक्कीचे युनिट बाजूला काढून वहीच्या पानावर बेरीज मांडली. दोघी जावा तिच्या दोन्ही खांद्यांवरून वाकून बघत होत्या.

"चक्कीला मीटर घेतलं तर घर शंभराच्या आत येतंय," ती म्हणाली. "हळद-मिरचीचे आणखी दहा घरांचे डबे आले तर धंद्याचा भावबी निघंल."

"दहा काय, वीस आणते मी," मोहिनी म्हणाली. "अन् खोलीला दार तर झालंच हाय. गिऱ्हाइकाला घरातून यायचं कामच न्हाई."

संतरामराव मात्र एव्हाना नव्या दारापाशी गेले होते. त्यांनी चौकटीवरून हात फिरवला. वर बघितलं. वितीनं उंची मोजली. संपतराव त्यांच्या मागं उभे राहिले, शाळेत निकाल ऐकायला उभं राहावं तसे.

"चौकट कोन बसवली?"

"हरिचंद म्हणून हाय आमचा."

"एक वीत कमी ठेवली. डोकं लागन."

"लागलंय दोनदा."

 संतरामरावांच्या मिशीत काहीतरी हललं, पण ते हसू होतं की नाही, हे पद्माबाईंनाही सांगता आलं नाही. मग ते वळले आणि म्हणाले, "पोरीला आकडे चांगले कळत्यात. पंगत कुठं मांडून राहिले? एकच मांडा. अन् मॅडमलाबी बसवा."

वैष्णवीला कुंकू लावून लग्न पक्कं करायचं त्याच दुपारी ठरलं. जेवण पिवळं होतं, पण कुणी काही बोललं नाही.

हट्ट्यात संतरामरावांच्या घराच्या मागच्या भिंतीला एक दार आहे. ते दोन वर्षांपूर्वी भिंत फोडून केलं, दुसऱ्या मीटरचा अर्ज नामंजूर झाला, आणि गावाला ते शेळ्यांसाठी केलं असं सांगितलेलं आहे.