मोगाका गुरुजींचा घसा

"गुरुजी, तीस मिनिटांच्या तासात सत्तावीस मिनिटं तुम्हीच बोललात."

"आणि उरलेली तीन?"

"खोकत होतात."

बोसिबोरीबाई शिक्षकांच्या मार्गदर्शक. महिन्यातून एकदा मोटारसायकलवरून किसी जिल्ह्यातल्या डोंगरावरच्या या शाळेत येत, मागच्या बाकावर बसून तास पाहत आणि टॅबलेटवर नोंदी करत.

हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वेळीही हेच झालं तर पहिलीचा वर्ग दुसऱ्याला. तुम्ही पुस्तकांचं कपाट सांभाळा."

मोगाका गुरुजी हादरले. बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरी बोलायला फक्त कोंबड्या, त्याही दाणे संपले की चालू लागत. ऐकून घेणारी माणसं म्हणजे वर्गातली ही साठ पोरंच.

पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी रस्सीखेचीचा सामना झाला. गुरुजी इतके ओरडले की सकाळी घशातून नुसती हवा येऊ लागली. आणि फाटकात मोटारसायकल वाजली.

गुरुजींनी फळ्यावर गाय काढली आणि पोरांकडे बोट केलं.

"गाय!"

"गुरुजींची आहे."

"हॅट, गुरुजींकडे कोंबड्या आहेत!"

"मग आमची. आमची लाथ मारते."

गुरुजींनी 'गप्प बसा' म्हणून हात हलवले. पोरांना वाटलं, अजून बोला म्हणतायत. बाईंनी धावत जाऊन हेडमास्तरांना आणलं. "बघा! याला म्हणतात मुलांना बोलतं करणं!"

हेडमास्तरांनी लगेच जाहीर केलं, "मंगळवारी वीस शाळांचे शिक्षक हा तास बघायला येतील."

मंगळवारपर्यंत घसा मोकळा झाला होता. तरी गुरुजी पूर्ण तास गप्प राहिले. पाहुणे टाळ्या वाजवून चहाकडे वळले, तेव्हा बाईंनी विचारलं, "ही पद्धत सुचली कशी?"

"बाई, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी घसा बसला होता."

बाई हसल्या. "आणि आज?"

"आज ठणठणीत आहे. पण त्या दिवशी पोरं काय बोलतात ते पहिल्यांदाच ऐकू आलं. ती केरुबो वर्षभरात एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, गाय एकटी आहे, शेजारी दुसरी काढा."

"काढलीत?"

"काढली. घरी मीही वर्षभर एकटाच आहे, बाई."

बाई शेजारच्या बाकावर टेकल्या. "गुरुजी, तुमच्या मंडळींचं नाव काय होतं?"

तासानंतरच्या चर्चेला नियमाप्रमाणे दहा मिनिटं होती. पाहुण्यांचा चहा झाला, ते गेले, शाळा सुटली, तरी गुरुजी सांगत होते. बाईंनी टॅबलेट केव्हाच पिशवीत ठेवला होता.