इंटरनेटचं प्रेशर

मला एक सांगा, ज्या माणसाने सव्वीस वर्षं पंपांच्या कारखान्यात पाइप जोडले, त्याला दोऱ्याएवढी एक वायर नीट लावता येऊ नये? येते! मी लावली! पुढचं सगळं त्यानंतर झालं.

आमच्या हिने नोकरीसाठी अर्ज केला होता. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या एका कंपनीत, घरबसल्या, फोनवरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. मुलांपायी सोडलेलं काम पंधरा वर्षांनी पुन्हा करायला मिळणार, म्हणून आठवडाभर आरशासमोर उभी राहून बोलायचा सराव चालला होता. कंपनीची मुख्य अट एकच, घरचं इंटरनेट भरवशाचं हवं. त्यासाठी आम्ही इंटरनेट, फोन आणि टीव्ही एकाच डब्यातून देणारी नवी जोडणी घेतली. मुलाखत मंगळवारी अकरा वाजता, लॅपटॉपवर.

"ही नोकरी मला मनापासून हवी आहे हो," ती सकाळी म्हणाली. एवढंच म्हणाली आणि आवरायला गेली. मला एकदम भरून आलं. आपणही तिच्यासाठी काहीतरी करावं, असं वाटलं. तिथेच घात झाला!

जोडणीवाला उरलेली वायर गोल गोल गुंडाळून हॉलमधल्या खिळ्याला अडकवून गेला होता. जाताना "साहेब, आत काचेतून उजेड धावतो, दुमडली की अडतो, हिला हात लावू नका" असं बजावूनही गेला होता. पण पंधरा वेढे! पाइपला जितकी वळणं तितकं प्रेशर कमी, हे आमच्या कारखान्यातला पहारेकरीसुद्धा सांगेल. इंटरनेट बिचारं गरगरून दमत असणार! मी सगळे वेढे सोडले, वायर दाराच्या चौकटीवरून ओढून घेतली, कोपऱ्यात कडक काटकोन दिला आणि वर खिळे ठोकले. पंधराच्या जागी एकच वळण! दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

डब्यावरचा हिरवा दिवा लाल झाला.

टीव्हीवरचा स्वयंपाकाचा कार्यक्रम कढईत काहीतरी पडायच्या आतच गोठला. फोनही गेला असणार, पण ते कळेना, कारण आई फोनवर मावशीशी बोलतच होती.

"आई, फोन चालू आहे?"

"चालू आहे की! आज ती कशी अगदी शांतपणे ऐकून घेतेय."

मी फोन कानाला लावला. मावशीची लाइन केव्हाच गेली होती. माझी पाचावर धारण बसली! घड्याळात साडेदहा!

मोबाईलवरून इंटरनेट कंपनीच्या मदत क्रमांकाला फोन लावला. एक गोड रेकॉर्डिंग म्हणालं, "तत्पर सेवेसाठी कृपया आपल्या घरच्या फोनवरून संपर्क साधा."

"अहो, घरचाच फोन बंद पडलाय!" मी ओरडलो.

रेकॉर्डिंगने ते मनाला लावून घेतलं नाही. त्याने तेच वाक्य पुन्हा तितक्याच गोडीने म्हटलं.

अकराला दहा मिनिटं असताना ही इस्त्रीचा कुर्ता घालून बाहेर आली. लाल दिवा पाहिला, हातोडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी आता शिव्याच खाणार होतो. पण तिने गुपचूप लॅपटॉप मोबाईलच्या इंटरनेटला जोडला आणि मुलाखतीची लिंक उघडली. पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, नक्की काय झालं? पहिल्यापासून सांगा."

"मी काही केलं नाही! आपोआप बंद पडलं!"

"बरं. आपोआप बंद पडायच्या आधी तुम्ही काय करत होता?"

"प्रेशर वाढवत होतो!"

"समजलं. तुमची कळकळ खरी आहे. खिळे किती ठोकलेत?"

"तू माझ्यावर संशय घेतेस? डबाच भिकार आहे! कंपनीच चोर आहे! मी वरपर्यंत जाईन!"

"जरूर जा. त्याआधी कोपऱ्यातला खिळा काढू या का? सावकाश. शाब्बास. आता वायर पूर्वीसारखी गोल गुंडाळा."

"तू म्हणतेस म्हणून करतो. पण चूक माझी नाही!"

"नाहीच मुळी," ती म्हणाली.

वायर गोल झाली. दिवा हिरवा झाला. हिने लॅपटॉप पुन्हा घरच्या इंटरनेटला जोडला. टीव्हीवरच्या कढईत फोडणी पडली. आणि लॅपटॉपचा पडदा उजळून तीन माणसं दिसायला लागली. त्यातल्या एक बाई रुमालाने डोळे पुसत होत्या.

चक्र फिरत होतं ते फक्त आमच्याकडे! त्यांना आम्ही पहिल्यापासून स्वच्छ दिसत होतो, ऐकूही येत होतो. मी हातोडीसकट टेबलाखाली बसलो.

"मॅडम," मधले साहेब म्हणाले, "आम्ही तुम्हाला एक चिडका ग्राहक देऊन बघणार होतो. तुम्ही स्वतःचाच घेऊन आलात! घरचं इंटरनेट भरवशाचं आहे ना?"

"इंटरनेट आहे," ही म्हणाली. "बाकीच्यांचं मी बघते."

नोकरी तिथल्या तिथे मिळाली! मी टेबलाखालून टाळ्या वाजवल्या. त्यावर त्या रुमालवाल्या बाई पुढे वाकल्या.

"मॅडम, तुमच्या मिस्टरांना विचाराल का? आमच्या नव्या मुलामुलींना सरावासाठी महिन्यातून एकदा असा ग्राहक मिळाला, तर फार मदत होईल."

मी टुणकन बाहेर आलो. "करेन की! पण मला आधी थोडी तयारी करावी लागेल."

"छे छे!" तिघंही एका सुरात ओरडले. "तयारी अजिबात नको! आहात तसेच या!"