लिंबोणी आणि माझी अंघोळ

बडोद्यात महाराज सरकारांनी पोरांना शाळा सक्तीची केली, पण कारकुनांना अंघोळ सक्तीची केली नाही, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. निदान गेल्या हिवाळ्यापर्यंत तरी होतो.

झालं असं, की दिवाळीला सासरे जगदेवराव वाघोडियाहून आमच्याकडे आले. घोडदळातला जुना माणूस. पेन्शन झाली तरी मिशा अजून नोकरीत. फराळ करताना म्हणाले, "आम्ही थंडीतसुद्धा विहिरीच्या गार पाण्यानं अंघोळ करतो. हल्लीच्या कारकुनांना जमायचं नाही." आता मी मुकाट्यानं दुसरी करंजी उचलायची की नाही? पण नाही! "छे! मीसुद्धा यंदापासून गारच पाणी घेणार आहे," मी ठोकून दिलं.

हिला, म्हणजे आमच्या निरुपमाबाईंना, केवढा अभिमान! दुसऱ्या दिवसापासून हिनं माझ्यासाठी बंब पेटवणंच बंद केलं आणि शेजारच्या कांताबेनना बातमीही दिली.

पहिल्याच तांब्याला मला सगळे पूर्वज दिसले. दुसरा मी घेतलाच नाही.

आमची पुरुषांची न्हाणी परसात आहे आणि घरात पुरुष मी एकटाच. (निदान तसा समज आहे.) दार लावायचं, घंगाळातलं पाणी तांब्यानं उचलायचं आणि उंचावरून पुन्हा घंगाळातच ओतायचं. वर "हर हर गंगे!" शेवटी दोन ओली बोटं केसांवरून फिरवली की बाहेर. तेच पाणी उद्याला. कांताबेन भिंतीपलीकडून म्हणायच्या, "भाई तो शूरवीर छे!" अंगावर मूठभर मांस चढायचं. पाणी तेवढं पडत नसे.

पण या न्हाणीचं पाणी पन्हळीतून जायचं ते हिच्या लिंबोणीला. सासूबाईंनी स्वतःच्या हातानं लावलेलं ते रोप हिनं माहेराहून आणलं होतं. पावसाळ्यात पाऊस आणि एरवी माझी अंघोळ, एवढ्यावर ती जगायची. पौषात तिची पानं वळली, मग गळायला लागली.

"थंडीत झाडं झोपतात गं," मी म्हटलं.

"आईची एवढीच आठवण उरलीय हो," असं म्हणून हिनं डोळ्यांना पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. (तरी अंघोळ केली नाही. उगाच खोटं कशाला सांगू?)

संक्रांतीला सासरे आले. त्यांनी बुंध्याशी बोट खुपसलं.

"माती ठणठणीत कोरडी! थंडीत झाड वरून गप्प दिसतं, पण मुळांना पाणी लागतंच. निरू, पाणी घालता की नाही?"

"रोज ह्यांची अंघोळ जाते की, आबा. चांगली घंगाळभर!"

"मग पन्हळ तुंबली असणार. उद्या जावईबापू अंघोळीला बसले की मी इथं उभा राहून बघतो."

दुसऱ्या दिवशी मी न्हाणीत, सासरे पन्हळीच्या तोंडाशी, ही त्यांच्यामागे आणि भिंतीवर कांताबेनची मान. अशा वेळी माझं डोकं फार चालतं. "हर हर गंगे!" अशी आरोळी ठोकून मी अख्खं घंगाळच कलंडवलं.

"आलं, आलं!" बाहेर एकच गलका.

दोन बोटं केसांवरून फिरवून मी विजयी मुद्रेनं बाहेर आलो. सासरे ओंजळीत पाणी धरून उभे होते.

"जावईबापू, तेल लावलं होतं?"

"चोळून!"

"साबण?"

"भरपूर!"

त्यांनी ओंजळ माझ्या नाकाखाली धरली. "मग हे इतकं निवळशंख कसं? खुशाल देवाला घालावं असं पाणी आहे."

हिनं पाण्याकडे पाहिलं, लिंबोणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे दिवाळीपासून तुम्ही..."

"पहिला तांब्या घेतला होता गं," मी म्हटलं.

तेव्हापासून न्हाणीला कुलूप आहे. लिंबोणीच्या आळ्यात एक दगड मांडलाय. त्यावर पंचा नेसून मी कुडकुडत बसतो आणि ही वरून विहिरीचं पाणी ओतते. माझ्यावर नाही, लिंबोणीवर. मी मधे येतो एवढंच.

लिंबोणी मात्र तरारली. माघ सरता सरता फुलांनी पांढरी झाली, आणि इतक्या दिवसांनी ही माझ्याकडे बघून हसली. मलाही फार बरं वाटलं.

तेवढ्यात भिंतीवर कांताबेनची मान उगवली. "बेन, खातर शानुं नाख्युं?"

"खत कसलं हो बेन," ही म्हणाली, "ह्यांच्या अंगावर दिवाळीपासूनचं साठलं होतं, तेच पुरलं."