जावईबापूंची ओळखपरेड

खालच्या मजल्यावर भरदुपारी चोरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे सासूबाई राहायला आल्या. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं मला वाटलं नव्हतं. (मला बऱ्याच गोष्टी उशिरा वाटतात.) जेवताना मी सहज विचारलं, "आई अचानक कशा काय?"

"घरात कुणीतरी खंबीर माणूस हवं ना," बायको म्हणाली.

मी इकडेतिकडे पाहिलं. घरात मी होतो.

सासूबाई निवृत्त मेट्रन. त्या वॉर्डात शिरल्या की डॉक्टरसुद्धा खोकला दाबून धरायचे म्हणे. उलट माझी घरातली ख्याती अशी, की माझ्या हातून बाहेर गेलेली वस्तू परत येत नाही. तीन छत्र्या, डब्यांची झाकणं, लेकीची कंपासपेटी. दुरुस्तीला नेलेला मिक्सर तर अजून दुकानातच होता आणि बायको त्याच्याबद्दल, परदेशी गेलेल्या मुलाबद्दल बोलावं तसं बोलायची. पण म्हणून मी खंबीर नाही? हे मला लागलं. अगदी आतून लागलं. हातातला घास तसाच ठेवून मी जाहीर केलं, "रविवारपासून या घरात प्रॅक्टिस! चोर आला तर कुणी काय करायचं, हे मी शिकवणार."

"तुम्ही?" तिघी एकदम म्हणाल्या. लेक चौथीत आहे, पण असं विचारताना ती थेट आजीसारखी दिसते.

योजना सोपी होती. चोर दिसला की सासूबाईंनी शिट्टी फुंकायची. सगळ्यांनी आतल्या खोलीत पळायचं, दार लावायचं, माणसं मोजायची. चोराशी हुज्जत घालायची नाही, तो मागेल ते नेऊ द्यायचं. "जीव महत्त्वाचा, वस्तू नाही," मी बजावलं.

"आणि तुम्ही काय करणार?" बायकोने विचारलं.

"मी तुमच्या सगळ्यांच्या पुढे उभा राहणार."

वाक्य चांगलं झालं होतं, पण लेक म्हणाली, "बाबा, मग चोर कोण होणार?"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. शेवटी चोर मीच झालो. मग माझं काम कोण करणार? "मी करते की," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर खोचला.

तो अख्खा रविवार मी तोंडाला टॉवेल गुंडाळून घरात शिरत होतो. शिट्टी वाजायची, तिघी आत पळायच्या आणि दार माझ्या तोंडावर बंद व्हायचं. एकदा मी युक्ती केली. दाराला तोंड लावून हळूच म्हणालो, "अगं, उघड. मी आहे." बायकोने भाबडेपणाने दार उघडलं.

"चूक!" मी ओरडलो. "चोरसुद्धा 'मी'च म्हणणार! आवाज ओळखीचा वाटला तरी उघडायचं नाही. आधी खात्री करायची."

"कशी?"

"काहीतरी विचारायचं. घरच्या माणसालाच माहीत असेल असं."

सासूबाईंनी मान डोलावली. मला वाटलं, त्या प्रभावित झाल्या. बायकोही म्हणाली, "तुम्ही हे चांगलं शिकवलंत हं." त्या रविवारी मला माझाच अभिमान वाटला.

पुढच्या रविवारी सकाळी मी बाहेरच्या दाराच्या कडीला तेल घालत होतो. दार सताड उघडं. तेवढ्यात दोन माणसं जिना चढून थेट आत शिरली. एकाच्या खांद्यावर दोर, दुसऱ्याच्या गळ्यात रुमाल. दोरवाल्याने आमच्या सोफ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "हाच तो. चल, उचल."

स्वयंपाकघरातून शिट्टी वाजली. अशी वाजली, की दोरवालासुद्धा दचकला. धावपळ झाली. मीही जीव घेऊन आतल्या खोलीकडे धावलो, पण धाडकन दार लागलं. माझ्या तोंडावर. नेहमीसारखं.

"सगळे आलो का?" आतून सासूबाईंचा आवाज.

"हो आजी! सगळे!" लेकीने मोजून सांगितलं.

"अगं, मी बाहेर आहे!" मी दार बडवलं.

"आज बाबांनी दोन माणसं पण आणलीत," लेक म्हणाली.

"अगं, ही प्रॅक्टिस नाहीये!"

"चोर असंच म्हणणार," बायको आतून म्हणाली. (शिकवण कशी मुरते पाहा.)

मी मागे वळलो. दोघं सोफ्याची दोन टोकं धरून माझ्याकडे बघत होते. ओरडावंसं वाटलं. पण नियम मीच केला होता. "न्या," मी म्हणालो, "काय हवं ते न्या."

"दुसरं काही नको साहेब. हा जड आहे, मधे जरा हात लावता?"

हुज्जत घालायची नाही, हे ठरलेलंच होतं. मी हात लावला. जिन्याच्या वळणावर रुमालवाला "डावीकडे, डावीकडे" म्हणाला तर मी मुकाट डावीकडे सरकलो. आपण आपल्याच घरातली चोरी नीट, कुठे खरचटू न देता पार पाडतोय, हा विचार खाली त्यांच्या टेम्पोपाशी पोचल्यावर मनात आला. तिथे दोरवाल्याने मालकाला फोन लावला आणि त्याचा चेहरा पडला.

"वरच्या मजल्यावरचा न्यायचा होता हो! त्यांनी विकलाय. तुमचा नव्हे!" तो माझ्यावरच डाफरला. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही चोर आहात."

"मग चोराला उचलू कशाला लागलात?"

मी पुन्हा सोफ्याला मधे हात लावला. आम्ही तिघांनी सोफा पुन्हा वर चढवला. बाहेरचं दार आतून बंद होतं. तेल घातल्यामुळे कडी झकास बसली होती. ते दोघं सोफा तिथेच टेकवून वरच्या मजल्यावर गेले. मी बेल वाजवणार, तेवढ्यात आतून बायकोचा रडवेला आवाज आला.

"आई, सोफा खरंच गेला! म्हणजे ती प्रॅक्टिस नव्हतीच. आणि हे... हे चोरांच्या मागे धावले असतील गं!"

मी बेलवरचं बोट काढलं. तिच्या आवाजात काळजी होती, पण अभिमानही होता. माझ्याबद्दल! लग्नानंतर प्रथमच ऐकत होतो. डोळ्यांत पाणी आलं. मी घसा साफ करून जमेल तितक्या भारदस्त आवाजात म्हणालो, "दार उघडा. मी आलोय. सोफा परत आणलाय!"



"उघडू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "हे जावईबापू नव्हेत."

"पण आई, आवाज तर..."

"आवाजावर जायचं नाही, त्यांनीच शिकवलंय. त्यांनी बाहेर गेलेली वस्तू परत आणलेली तू कधी पाहिली आहेस का?"

बायकोने जरा विचार केला असावा. "खरंच की," ती म्हणाली आणि वरची कडीही सरकवली.

मी सोफ्यावर बसलो. वरून दुसरा सोफा घेऊन ते दोघं उतरले, माझ्याकडे बघून हसले आणि निघून गेले. मी दार ठोठावत राहिलो. शेवटी सासूबाई दाराशी आल्या.

"खरे जावई असाल तर सांगा," त्यांनी विचारलं, "मिक्सर कुठल्या दुकानात दिलाय?"

मी डोळे मिटून आठवू लागलो. बाजारातलं एक दुकान डोळ्यांपुढे आलं, पण ते चपलांचं होतं. मग दुसरं आलं, तिथे छत्री विसरलो होतो. शेवटी खरं तेच सांगितलं.

"आठवत नाही हो."

आतून एक मोठा सुस्कारा आला.

"तेच आहेत गं," सासूबाई म्हणाल्या. "उघड दार."